भिंतीला भिडवलेले स्पीकर

"भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, नाहीतर फार घुमतील," दुकानाचा माणूस दुसरी पेटी उतरवता उतरवता म्हणाला.

"मला घुमायलाच हवेत," थोरला म्हणाला आणि त्याने गुडघ्याने रेटून पेटी भिंतीला भिडवली.

भिंत एका विटेची. पलीकडे धाकट्याच्या दोन खोल्या. वडील गेल्यावर घराचे दोन तुकडे झाले, मध्ये ही भिंत उभी राहिली आणि गेली सहा वर्षं भावाभावांत शब्द नाही. आता थोरल्याला त्या दोन खोल्याही हव्या होत्या. निरोप धाडून झाले, वकिलाची पत्रं झाली. धाकटा ढिम्म हलेना. मग थोरल्याने हा उपाय काढला. दुकानातले सगळ्यात दांडगे स्पीकर निवडले, बारा इंची. धाकट्याच्या फळीवरची भांडी नाचली पाहिजेत. आठ दिवसांत नाक मुठीत धरून दारात येतो की नाही बघ, असं तो बायकोला सांगून बसला होता.

दुकानाच्या माणसाला त्याने तारांना हात लावू दिला नाही. "वीस वर्षं हेच केलंय मी. मला शिकवू नका."

तेही खोटं नव्हतं म्हणा. दोघा भावांचा साउंडचा धंदा होता. थोरला गिऱ्हाइकांशी बोलायचा, धाकटा पेट्यांमागे वाकलेला असायचा. एकदा एका शाळेच्या सभागृहात आवाज असा काही लागला, की मुख्याध्यापक बाईंनी थोरल्याला मंचावर बोलावून त्याचं कौतुक केलं. त्याच संध्याकाळी धाकट्याने आपली अवजारं पिशवीत भरली आणि चालता झाला. काय बिनसलं कुणास ठाऊक. भाऊ कृतघ्न निघाला, एवढंच थोरला चारचौघांत सांगत आला.

तारा जोडून त्याने बटण पूर्ण फिरवलं. आवाज मोठा आला, पण पोकळ. गाणारा खोलीभर भटकत होता आणि ढोल कुठे मेला होता देव जाणे. थोरल्याने पेट्या कोपऱ्यात नेल्या, परत भिंतीशी आणल्या. दुकानदाराला फोन करून चोर म्हणाला. तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. भिंत काही हलली नाही. बायको मात्र कानात कापूस कोंबून मागच्या गॅलरीत बसू लागली. "तो जायच्या आधी मीच जाईन घर सोडून," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात धाकटा. दाढी पांढरी झालेली, पायात घरातल्याच चपला. थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आला शेवटी.

"काय पाहिजे?" त्याने दार अडवून विचारलं.

धाकटा त्याच्या हाताखालून आत शिरला, सरळ डाव्या पेटीपाशी जाऊन उकिडवा बसला, पेटी फिरवली, मागच्या दोन तारा उपसल्या आणि लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल लावून घट्ट पिळल्या. पहिल्या ठोक्याला खिडकीच्या काचा वाजल्या. टेबलावरचा कप सरकत कडेला आला. थोरल्याच्या बरगड्यांत धडधड झाली.

धाकट्याने पँटला हात पुसले. "डावीच्या तारा उलट्या होत्या. एक पेटी दुसरीचा ठोका खात होती. त्रास द्यायचाय तर नीट दे. तीन दिवस झाले, असलं ऐकवत नाही."

आणि तो आला तसा गेला. थांब म्हणावं असं थोरल्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, पण जीभ रेटेना. त्याने आवाज तेवढा कमी केला.

बायको कानातला कापूस काढत गॅलरीतून आली. तिने कोणाला पाहिलं नव्हतं. "अहो, आता कसा भरून येतोय आवाज. कुणी केलं नीट?"

पलीकडे धाकट्याचं दार लागलं. थोरल्याने ते ऐकलं.

"मी," तो म्हणाला. "दुसरं कोण करणार?"