टाकीचा घास

चहाचं पाणी ठेवून अर्धा तास झाला तरी त्याला उकळी फुटेना. दादांनी स्वयंपाकघराच्या दारातून वाकून शेगडीकडे पाहिलं. ज्योत पिवळट, मरगळलेली.

"टाकी उपाशी आहे," ते म्हणाले. "कोंबड्यांची विष्ठा रोज पुरेशी पडतेय ना तिच्यात?"

"पडतेय हो," बायको पाठमोरीच म्हणाली. "तुम्ही पडा जरा."

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून हे 'पडा जरा' ऐकून त्यांचे कान किटले होते. जिना, चढ, दगदग, मनाला धक्का, सगळ्यालाच डॉक्टरांनी मनाई केली होती. टेकाडापलीकडची शेड त्यांनी दवाखान्यात गेल्यापासून पाहिली नव्हती. पोल्ट्री धाकटा भाऊ सांभाळत होता. पण शेडलगतची बायोगॅसची टाकी दादांची लाडकी. एका हिवाळ्यात तिच्यातले जिवाणू गारठले आणि गॅस आटला, तेव्हा घरातल्या रजया नेऊन त्यांनी तिला पांघरल्या होत्या. बायको त्यावरून अजून चिडवायची. हल्ली तेही बंद झालं होतं.

धाकटा दुपारी जेवायला आला. घामाने निथळत, शर्टाला भाताचं तूस चिकटलेलं.

"हे तूस कुठलं रे? ते जमिनीवरच्या कोंबड्यांखाली अंथरतात, आपल्या तर पिंजऱ्यात असतात."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "वाऱ्यानं आलं असेल, दादा."

"वारा भलताच हुशार. नेमका तुझाच शर्ट शोधतो."

कोणी हसलं नाही.

दादांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ते खोलीत आले की दोघांची कुजबुज तुटायची. एकदा खिडकीतून टेम्पो दिसला. मागे पोत्यांची थप्पी, ड्रायव्हरशेजारी धाकटा. पोत्यांत काय आहे ते वासानेच कळलं. म्हणजे हा विष्ठा बागवाल्यांना विकतोय आणि टाकीला उपाशी मारतोय! वर हिची त्याला फूस. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तोच केसाने गळा कापायला निघाला होता.

"खरं सांग," त्यांनी संध्याकाळी बायकोला विचारलं, "शेडवर काय चाललंय?"

"आधी बरे व्हा तुम्ही," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर त्यांनी काठी उचलली. चढावर दोनदा बसावं लागलं. छाती भात्यासारखी हलत होती, पण राग पाय उचलत होता.

टेम्पो टाकीपाशी उभा होता. धाकटा एकेक पोतं पिंपात रिकामं करत होता, पाणी घालून ढवळत होता आणि ती रबडी बादलीने टाकीच्या तोंडात ओतत होता. पोत्यांवर कुठल्यातरी लांबच्या पोल्ट्रीचं नाव होतं.

दादा बघतच राहिले. "अरे, तू... हे बाहेरून आणतोस?"

धाकट्याच्या हातातून बादली सुटली. "दादा! तू चढ चढून आलास?"

दादा शेडकडे वळले. केवढी शांतता होती! धाकटा आडवा आला. त्याला बाजूला सारून त्यांनी कडी काढली.

पिंजऱ्यांच्या रांगाच्या रांगा उघड्या. जमिनीवर चुना पसरलेला.

"तुझं ऑपरेशन चालू होतं ना, दादा," धाकटा मागून म्हणाला, "त्याच दिवशी साथीत शेवटची कोंबडी गेली."