वायफायचं नवं कार्ड

बोरी अरबच्या करुणाचं लग्न मस्कतला नोकरी करणाऱ्या प्रशिकशी नुसत्या फोटोवर जमलं होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून तारीख पुढं गेली. तोवर दोघं तिच्या जुन्या लॅपटॉपवर बोलायचे, पण चित्र सारखं अडकायचं.

“तुले एकदा नीट पाहाचं हाय मले,” प्रशिक म्हणायचा.

शेवटी करुणानं वायफायचं नवं कार्ड मागवलं आणि स्वतःच स्क्रू खोलून बसवलं.

त्या संध्याकाळी चित्र एकदम साफ आलं. प्रशिक बराच वेळ पाहतच राहिला. करुणानं लाजून मान खाली घातली.



“करुणा,” तो हळूच म्हणाला, “मांगं कपड्याच्या घड्या घालून राह्यली, ते तुही बहीण व्हय काय? तिचं जमलं का कुठं?”