अण्णांच्या नजरेची दुर्बीण

मुळा धरणाचं पाणी चढलं आणि आमच्या गावामागच्या टेकडीचं बेट झालं. एकाहत्तरच्या युद्धात तिच्यावर टेहळणीचा मनोरा उभा राहिला. तिथे माझे वडील, अण्णा, पहारा करत. युद्ध संपलं, पुढच्या वर्षी अण्णा गेले. मनोऱ्यावर अजूनही परवानगीशिवाय कुणाला सोडत नाहीत.

परवानगी काढून मी गेले. अण्णांच्या जागी आलेले दिलावरचाचा मला वर घेऊन आले.

"पोरी, दुर्बीण रोज माज्या डोळ्याला जुळवून मनोऱ्याला कुलूप घालतो. सकाळी बघावं तर फिरवल्याली, समदं धूसर. तुज्या बापानं डोळे हितंच ठिवले का काय?"

मी पाहिलं. मला सगळं स्वच्छ दिसलं. माझे डोळे अण्णांवर गेले आहेत; दोघांचाही डावा अधू.

दुर्बीण आमच्या अंगणावर रोखलेली होती. तिथे आई उभी होती. तिने मनोऱ्याकडे पाहत रिकामं ताट उंचावलं. अण्णांना जेवायला बोलवायची ती खूण. अण्णा गेल्यापासून न हसलेली आई हसत होती.

"कोन दिसतंय?" चाचांनी दारातून विचारलं.

आईची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या अगदी शेजारी होती.

मी मान वळवली नाही. तिथे कुणीच नसेल, याची मला भीती वाटली.