चिकटपट्टी

चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सुटली की ऑपरेटर मोनिका इंग्रजीच्या क्लासला बसायची. आज पॅसिव्ह व्हॉइस होता. "आपल्या कामातलंच वाक्य तिन्ही काळांत सांगा," सर म्हणाले. सुपरवायझर कुलदीप उठला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची असतात, म्हणजे हात आत सापडत नाही. पण टार्गेटसाठी कुलदीपच एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायला लावायचा. त्यापायीच दिवाळीआधी प्रेसवरच्या समाधानदादांची दोन बोटं गेली. "द बटन वॉज टेप्ड, इज टेप्ड," कुलदीप खिदळला, "विल बी टेप्ड!" सरांनी शाबासकी दिली, वर्गानं टाळ्या पिटल्या. निर्लज्ज मेले! मोनिकाला शिसारी आली. शेजारी तीन बोटांच्या हातानं समाधानदादाही टाळ्या वाजवत होते. तिनं तो हात धरला. "दादा, तुम्ही कशाला?" "सोड गं," ते हसतच पुटपुटले, "उद्यापासून परत त्याच मशीनवर घेतायत मला."