टाकीवरची स्कूटर

क्षितिजला येरकाडच्या निवासी शाळेत पाठवायचं ठरलं आणि फॉर्मही भरून झाला. पण हे आपण वाचलंच नाही असं धरू. कौमुदीनंही पूर्ण एक दिवस तसंच धरलं होतं.

तर, दोन हजार सहाचा जून होता आणि मैलापूरच्या त्या चौमजली इमारतीत सगळं सुरळीत चाललं होतं. रविकांत बँकेत साहेब होता. त्याची बायको कौमुदी मराठी मंडळाचं मुलांचं वाचनालय घरातल्या एका कपाटात चालवत होती. त्यांचे मुलगे क्षितिज आणि आशिष, वय नऊ आणि सात, एकमेकांशी तमिळमध्ये भांडत होते. मराठी त्यांना फक्त जेवताना लागायची.

तेवढ्यात पुण्याहून चित्रांचं एक पुस्तक आलं. आगाऊ आणि मागाऊ या दोन भावांचं. पहिल्या पानावर ते आजोबांच्या उलट्या छत्रीत मासे पाळतात. पाचव्या पानावर आत्याला पार्सल करून पोस्टात नेतात. नवव्या पानावर हेडमास्तरांची सायकल गावच्या पाण्याच्या टाकीवर असते. ती वर गेली कशी, ते चित्रात नाही. खाली फक्त गाव उभं आहे, माना वर आणि डोळे बशीएवढे.

मंडळाचा नियम असा, की नवं पुस्तक आधी मोठ्यांनी वाचून सही करायची, मगच ते मुलांना द्यायचं. कौमुदीनं ते घरोघर फिरवलं. विमलाताईंना ते वाचून रात्रभर झोप आली नाही. त्यांना तीन मुलगे होते. अमरसिंहांनी छत्रीच्या नासाडीबद्दल लेखी आक्षेप घेतला. अंबुजाचं म्हणणं, आमचा पोरगा या निमित्तानं मराठीत हसला तरी पुष्कळ झालं.

शेवटी पुस्तक तळमजल्यावर गेलं. तिथे समोरासमोरच्या दारांत मालोजीराव आणि बालाजीराव राहत. तंजावरकडचे सख्खे भाऊ, एक्काहत्तर आणि अडुसष्ट वर्षांचे. थोरले बंदरातून निवृत्त झालेले, धाकटे एन्नोरच्या वीजकेंद्रातून. आपापल्या नोकरीच्या कुठल्याशा बढाईवरून दोघांचं वाजलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एकमेकांना काही सांगायचं तर ते कौमुदीला सांगत. पुस्तक थोरल्यांनी आठ दिवस ठेवलं, धाकट्यांनी दहा. सही दोघांनीही केली नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी रविकांत खाली उतरला, तर त्याची स्कूटर जागेवर नव्हती. दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्यानं वर बोट केलं.

चार मजले. वर गच्ची, गच्चीवर टाकी, टाकीवर स्कूटर. स्टँडवर नीट उभी, पुसून लख्ख केलेली, हँडलला झेंडूची माळ.

रस्ता थांबला. बसमधली माणसं खिडकीतून निम्मी बाहेर आली. एका रिक्षावाल्यानं चपला काढून हात जोडले. हसलं कुणीच नाही. गोपुराकडे पाहावं तसे सगळे बघत राहिले, आणि राग येण्याआधी रविकांतही घटकाभर तसाच बघत राहिला.

क्षितिज आणि आशिष हात धरून उभे होते. क्षितिज हळूच म्हणाला, "आई, हे आम्ही केलं असतं तर किती बरं झालं असतं."

रविकांतला हा गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. नववं पान त्यानंही पाहिलं होतं.

पुस्तक अजून मुलांच्या हाती गेलेलंच नाही, हे कौमुदीनं परोपरीनं सांगितलं. चित्र बघायला कितीसा वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं. स्कूटर उतरवायला आठ माणसं आणि अख्खी दुपार लागली, तरी त्याचं मत हललं नाही.

"अहो, ती शंभर किलोची आहे," कौमुदी म्हणाली.

"म्हणजे प्रत्येकी पन्नास. म्हणून तर दोघांना वेगळं करायला हवं."

रविवारी नुंगंबाक्कमच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. निम्मे म्हणाले, पुस्तक जाळा. निम्मे म्हणाले, आधी आम्हाला नववं पान पुन्हा बघू द्या. मालोजीराव उठले.

"हें पुस्तक वाईट. वाचून माणूस बिघडतो."

बालाजीराव पंख्याकडे बघत बोलले. "कौमुदी, ह्यांस सांग, चित्रच चुकलें आहे. सायकल तशी उभी राहत नाहीं. वारा रोंब असतो वर, फार."

"त्यांस सांग, मला ठाऊक आहे."

कौमुदीनं दोन्ही निरोप पोचवले. दोघांमध्ये एकच खुर्ची होती.

मग रविकांतनं येरकाडचं जाहीर केलं. आशिष इथेच राहील, क्षितिज तिकडे जाईल, दिवाळीला भेट होईल. आशिषनं भावाचा शर्ट मुठीत धरला तो सुटेना. दोघे म्हातारे अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ पाहत होते. यांचं आता इथेच जुंपणार, या भीतीनं कौमुदीनं त्यांच्यामधली खुर्ची पकडली.

सोमवारी सकाळी रविकांत सही करायला बसला. एक दिवस न घडल्यासारखं धरलेलं आता भरलेला फॉर्म होऊन कौमुदीच्या समोर टेबलावर होतं. त्यानं पेनाचं टोपण काढलं तेव्हा दाराखालून एक कागद आत सरकला. कौमुदीनं तो उचलून मोठ्यानं वाचला.

"प्रति, श्रीयुत रविकांत, दुसरा मजला. विषय: निवासी शाळेंत प्रवेश मिळणेंबाबत. महोदय, दोर अर्जदार क्रमांक एक यांचा, कप्पी अर्जदार क्रमांक दोन यांची, माळ दोघांची. आपलीं मुलें त्या वेळीं झोपलीं होतीं. सबब, चिरंजीव क्षितिज यांचे जागीं आम्हां दोघां भावांस येरकाड येथें पाठवावें, आणि खोली एकच मिळावी, ही नम्र विनंती."