नुसत्या अल्कोहोलची प्लेट

पाल्याचा अर्क टाकला की कॅन्सरच्या पेशी मरतात, हे मी चार वर्षं प्रयोगशाळेत बघत होते. एकदा जेवताना हौसेने आईला सांगितलं, तिथेच चुकले. तिच्या गाठीचा रिपोर्ट आला, तशी ती तोच पाला वाटून प्यायला लागली. केमोचं नाव काढू देईना.

"अगं, त्या प्लेटमधल्या पेशी आहेत, माणूस नाही!" मी कानीकपाळी ओरडले.

"घरात लेकीचं औषध असताना दवाखाना कशाला?"

परवा प्रयोगशाळेतल्या माझ्या गाइड मॅडमनी सहज विचारलं, "अर्क अल्कोहोलमध्ये काढतेस ना? मग नुसत्या अल्कोहोलची प्लेट कुठंय?"

पाल्याशिवाय नुसतं अल्कोहोल पेशींवर टाकून बघायची ती प्लेट मी कधी लावलीच नव्हती. लावली. आज सकाळी बघते तर त्यातल्याही पेशी झाडून सगळ्या मेलेल्या. म्हणजे मारत होतं अल्कोहोल, आणि मिरवत होता पाला.

चार वर्षं पाण्यात गेली होती, आणि मी जवळजवळ धावतच घरी आले.

"आई, त्या पाल्यात काही दम नाही. चूक माझीच होती."

तिने हातातल्या हिरव्या पेल्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

तिने पेला सिंकमध्ये उपडा केला आणि खुर्चीत बसकण मारली.

"सुटले गं बाई! उद्याच जाऊ दवाखान्यात. काय कडूजहर पाला तो! पण म्हटलं, घरचेच प्यायले नाहीत, तर तुझं औषध बाहेरचे कशाला पितील?"