सहाच्या आत

"संगणक बंद करून पुन्हा चालू करा," असं पडद्यावर परत आलं आणि मान-सूच्या तोंडचं पाणी पळालं.

आतापर्यंत त्याने हे निमूटपणे केलं होतं. सरकारी घरांच्या साइटवर अर्ज भरायचा तर आधी तिचे राखणदार प्रोग्राम मशीनमध्ये घालावे लागत. एक कळफलकावर नजर ठेवणारा, एक घुसखोर अडवणारा, एक सहीची ओळख पटवणारा. ते घातले की साइट म्हणे, बंद करून चालू करा. चालू केलं की प्रोग्राम गायब. साइट पुन्हा भोळ्या चेहऱ्याने विचारी, राखणदार कुठे आहेत? अर्जाची मुदत संध्याकाळी सहाची होती आणि पाच केव्हाच वाजून गेले होते.

सोलमध्ये घाईचं काम निघालं की माणूस गेमच्या कॅफेत धावतो. सणाची रेल्वेची तिकिटं काढायची असोत की कॉलेजचे विषय निवडायचे असोत. तिथली मशीनं तगडी आणि नेट वाऱ्यासारखं. मान-सूनेही तेच केलं. घरच्या जुनाट कॉम्प्युटरने सकाळीच मान टाकली होती. तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "सोडून दे, मी-रान. यंदाही नाही आपल्या नशिबात." गेल्या वर्षी त्याने छातीठोकपणे शब्द दिला होता आणि अर्ज राहून गेला होता. पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं. आधी करून दाखवायचं, मग सांगायचं, असं मनाशी ठरवून तो कामावर गेला. दिवसभर दुसऱ्यांचं सामान त्यांच्या नव्या घरांत चढवलं आणि सुटल्या सुटल्या थेट इथे आला.

घर मिळालं तर दायॉन परत येणार होती. ही त्याची लेक गावी आजीकडे वाढत होती, कारण गच्चीवरची त्यांची एकुलती एक खोली उन्हाळ्यात भाजून काढायची आणि हिवाळ्यात तिथला नळ गोठायचा. मार्चमध्ये पोरीची शाळा सुरू होणार होती. फोनवर हल्ली ती त्याला 'ए बाबा' म्हणत नसे, 'अहो बाबा' म्हणे. पाहुण्याशी बोलावं तसं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"मालकीणबाई, हे मशीन माझ्या जिवावर उठलंय!" तो ओरडला.

कॅफेच्या मालकीण नो बाई आत गिऱ्हाइकांसाठी नूडल्स शिजवत होत्या. हात पुसत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो दादा, आमची मशीनं बंद केली की सगळं विसरतात. मीच तशी करून घेतलीत. नाहीतर ही गेमवाली पोरं काय काय भरून ठेवतील, आणि निस्तरत कोण बसणार? मी!"

"मग मी इतका वेळ काय करत होतो?"

"व्यायाम."

"तुमचं ते काउंटरवरचं मशीन तरी द्या."

"ते विसरत नाही, पण ते नवंकोरं आहे. सरकारी साइटला नवं विंडोज चालत नाही."

मान-सू मटकन खाली बसला. पियानो पाठीवर घेऊन जिना चढणारा गडी तो, पण इथे जोर लावायचा कुठे? कुणाची कॉलर धरायची? डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली.

नो बाईंना राहवलं नाही. मशीनांना हे विसरायचं कुलूप ज्याने घातलं होतं, त्या मेकॅनिकला त्यांनी फोन लावला. तो जेवता जेवता सांगत गेला आणि बाई एकेक कळ दाबत गेल्या. कुलूप निघालं. मान-सूने राखणदार पुन्हा घातले, मशीन बंद करून चालू केलं. या वेळी ते जागेवर होते. पण त्याची डिजिटल सही ज्या पेनड्राइव्हमध्ये होती, तो काही केल्या मशीनला दिसेना. शेवटी तो टेबलाखाली घुसला, धुळीत चाचपडत मशीनच्या पाठीमागच्या खाचेत पेनड्राइव्ह खुपसला.

दिसला. त्याने रकाने भरले, सही केली, कळ दाबली. 'आपला अर्ज मिळाला आहे.'

आजूबाजूच्यांनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या. नो बाईंनी नूडल्सचा वाडगा त्याच्यासमोर ठेवला. तेवढ्यात पडदा बदलला. मुदत संपली होती.

"बघा, सहा वाजले, दार बंद!" बाई म्हणाल्या. "आता कुणाला अर्ज भरता येणार नाही की मागे घेता येणार नाही. खा निवांत."

पण त्याला कुठला धीर? वाडगा तसाच ठेवून त्याने बायकोला फोन लावला.

"मी-रान, गेला गं अर्ज!"

"कसला अर्ज?"

"घराचा! कॅफेत बसून भरला. अगदी काठावर, पण सहाच्या आत."





"दायॉनचे बाबा," ती कशीबशी म्हणाली, "सकाळी तुम्ही इतके खचून बोललात, मला बघवेना. आमच्या ऑफिसातल्या बाईंच्या हातापाया पडले आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरून दुपारीच माझ्या नावाने अर्ज भरला. रात्री जेवताना सांगणार होते."

मान-सूला हसूच फुटलं. "अगं मग बरंच झालं की! एकाला दोन!"

"नाही हो. एका घरातून दोन अर्ज आले की दोन्ही बाद करतात."